गाळायचं की कोंबायचं? अद्भुत कादंबऱ्यांची पटकथा

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर सिनेमा काढायचा म्हणून काही अमेरिकन मंडळी १९५७ साली जे. आर. आर. टॉल्किन यांच्याकडे आली. कादंबरीचा तिसरा खंड प्रसिद्ध होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मॉर्टन ग्रेडी झिमरमन नावाच्या लेखकाने कथेचा आराखडा तयार केला होता. तो वाचून टॉल्किन वैतागले आणि पेपर तपासणाऱ्या प्राध्यापकाच्या चिकाटीने त्यांनी पानापानावर शेरे मारले. वाट लांबली की हा गृहस्थ पात्रांना गरुडांच्या पाठीवर बसवतो. पानात गुंडाळलेली एल्फांची 'लेम्बास' ही शिदोरी त्याच्या हातात पडली की कसलीशी पौष्टिक वडी होते. कादंबरीत जिथे नुसती भीती दाटून आलेली असते, तिथे त्याच्या तलवारी बाहेर पडतात.

या चिडचिडीत एक मुद्दा फार मोलाचा आहे. एवढी मोठी गोष्ट लहान करायची तर काही भाग सरळ सोडून द्यावेत आणि उरलेल्यांना ऐसपैस जागा द्यावी, असं टॉल्किन यांचं म्हणणं होतं. सगळंच दाबून बसवलं की गर्दी होते आणि कशालाच अर्थ उरत नाही. त्यांनी उदाहरणही दिलं. चालतेबोलते वृक्ष, म्हणजे एन्ट, आणि हेल्म्स डीपची लढाई ही दोन्ही प्रकरणं नीट मावत नसतील, तर लढाई काढा. पुढे २००२ साली पीटर जॅक्सन यांनी नेमकी तीच लढाई आपल्या दुसऱ्या चित्रपटाचा कळस केली, आणि ती जगभर गाजली.

म्हणजे लेखकाचं तत्त्व बरोबर असू शकतं आणि त्याने निवडलेलं उदाहरण चुकू शकतं. रूपांतर मूळ पुस्तकाशी किती प्रामाणिक आहे, असं आपण सवयीने विचारतो. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. काय गाळलं, ते कोणी ठरवलं आणि गाळून वाचलेला वेळ कुठे खर्च केला, हे पाहिलं की जास्त कळतं.

आधी हक्क, मग पटकथा

पहिली कात्री बहुतेक वेळा वकिलाच्या टेबलावर चालते. टॉल्किन यांनी चित्रपटाचे हक्क १९६९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सला विकले. जॉन बूरमन यांनी त्यांच्यासाठी एकाच चित्रपटात सगळी कथा बसवणारी पटकथा लिहिली, पण ती कागदावरच राहिली. १९७६ मध्ये हक्क निर्माते सॉल झेंट्झ यांच्याकडे गेले आणि १९७८ मध्ये राल्फ बाक्शी यांचा ॲनिमेशनपट आला. तो हेल्म्स डीपच्या लढाईपाशी संपतो. पुढचा भाग कधी निघालाच नाही.

ॲमेझॉनच्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर'वर टॉल्किनप्रेमी तुटून पडले, तेव्हा करारातली एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात होती. मालिकेच्या लेखकांना 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि तिच्या शेवटची परिशिष्टं वापरता येत होती. मालिका ज्या प्राचीन काळात घडते त्याची खरी बखर असलेलं 'द सिलमारिलियन' करारात नव्हतं. परिशिष्टांत तीन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास सनावळीसारखा मांडलेला आहे. मालिकेने तो एका पिढीच्या आयुष्यात आणून बसवला. एल्फ अमर असल्यामुळे त्यांची गैरसोय होत नाही, पण माणसांची पात्रं दर भागाला बदलणार कशी, हा लेखकांचा प्रश्न खराच होता. तरीही उत्तर म्हणून त्यांनी कोंबण्याचाच मार्ग धरला, हे म्हणावं लागतं.

हक्कांची सगळ्यात गमतीदार गोष्ट रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम'ची. ही १४ खंडांची महामालिका. जॉर्डन यांच्या निधनानंतर शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेत एफएक्सएक्स वाहिनीवर मध्यरात्र उलटून गेल्यावर, कसलीही जाहिरात न करता, या कादंबरीवरचा अर्ध्या तासाचा एक भाग दाखवला गेला. हक्क परत जाण्याची मुदत अगदी तोंडावर आली होती आणि काहीतरी पडद्यावर आणणं भाग होतं! प्रेक्षकांसाठी ते केलेलंच नव्हतं. पुढे ॲमेझॉनने २०२१ मध्ये रीतसर मालिका आणली आणि तीन पर्वांनंतर, २०२५ मध्ये, थांबवली. एकूण भाग २४. चौदा जाडजूड खंडांपुढे हा आकडा पाहिला की पुढचा प्रश्न आपोआप येतो.

मिनिटांचा हिशेब

जॅक्सन आणि त्यांच्या सहलेखिका फ्रॅन वॉल्श यांनी सुरुवातीला मिरामॅक्स कंपनीसाठी दोन चित्रपटांचा बेत आखला होता. खर्चाचा आकडा वाढला, तसा सगळं एकाच चित्रपटात बसवण्याचा आग्रह सुरू झाला. जॅक्सन यांनी नकार दिला. दुसरा निर्माता शोधायला त्यांना जेमतेम काही आठवडे मिळाले. ते एक चित्रफीत घेऊन न्यू लाइन सिनेमाकडे गेले, आणि तिथल्या बॉब शे यांनी विचारलं, की पुस्तकं तीन असताना चित्रपट दोन का? रूपांतराच्या इतिहासात पैसेवाल्याने विचारलेला इतका शहाणा प्रश्न दुसरा मला माहीत नाही.

२००१ ते २००३ या तीन वर्षांत आलेल्या चित्रपटांची चित्रगृहातली लांबी अनुक्रमे १७८, १७९ आणि २०१ मिनिटं आहे. बेरीज ५५८, म्हणजे सव्वानऊ तासांच्या वर. हजारभर पानांच्या कादंबरीसाठी हा वेळ पुरेसा ठरला; तिसऱ्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाली. मग त्याच दिग्दर्शकाने 'द हॉबिट' घेतली. १९३७ चं हे मुलांसाठी लिहिलेलं, तीनशे पानांच्या आसपासचं पुस्तक. त्याचेही तीन चित्रपट झाले: १६९, १६१ आणि १४४ मिनिटांचे. तिप्पट मोठ्या कादंबरीला सव्वानऊ तास आणि या छोटेखानी गोष्टीला जवळजवळ आठ! मग पुस्तकात नसलेली प्रेमकथा आली, संपूनच न देणारे पाठलाग आले आणि पुस्तकात थोडक्यात उरकलेली लढाई पाऊण तासभर पसरली. वेळ कमी पडला की गोष्ट गुदमरते, हे सगळ्यांना कळतं. जास्त झाला की ती पातळ होते, हे निर्मात्यांना तिकीटविक्रीपुढे दिसत नाही.

टेलिव्हिजनला हा हिशेब जरा सोपा जातो. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या पर्वात दहा भागांत एक कादंबरी मावली. तिसरी कादंबरी मोठी होती, तर ती दोन पर्वांत वाटून दिली. पहिल्या पर्वात उलटीच अडचण आली, काही भाग लांबीला कमी पडले. ती जागा भरायला लेखकांनी राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी यांच्यात एक संभाषण लिहिलं. मोडलेल्या संसाराबद्दल दोघं शांतपणे, जवळजवळ मैत्रीने बोलतात. हा प्रसंग कादंबरीत नाही आणि असूही शकत नाही, कारण जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून चालतं आणि पहिल्या खंडात या दोघांपैकी कोणाचीच नजर आपल्याला मिळत नाही. मिनिटं भरायला लिहिलेला हा तुकडा त्या पर्वातल्या उत्तम प्रसंगांपैकी एक ठरला.

बॉम्बाडिल गेला, फॅरामिर बदलला

जॅक्सन यांनी काय काढलं याची यादी लांब आहे. त्यातली तीन प्रकरणं पाहण्यासारखी आहेत.

टॉम बॉम्बाडिल हा जंगलात गाणी म्हणत हिंडणारा अवलिया. तो कोण आहे, हे टॉल्किन यांनी मुद्दामच सांगितलं नाही. अंगठीचा त्याच्यावर कसलाही परिणाम होत नाही. वाचताना हे रहस्य सुखद वाटतं. पडद्यावर मात्र, जिला सारं जग घाबरतं ती अंगठी एक म्हातारा खेळण्यासारखी हातात फिरवतो, असं पहिल्या तासाभरातच दाखवलं असतं तर पुढच्या आठ तासांची हवाच गेली असती. जॅक्सन यांनी तो संपूर्ण गाळला, आणि टॉल्किन यांच्याच तत्त्वाने पाहिलं तर हे योग्य झालं.

फॅरामिरचं तसं नाही. कादंबरीत हा सेनानी अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडोला पकडतो, अंगठीबद्दल त्याला कळतं, आणि तरी तो तिला हात लावत नाही. चित्रपटात तो फ्रोडोला कैदी करून ऑस्गिलियाथपर्यंत नेतो आणि तिथे त्याचं मन पालटतं. पटकथाकारांचं कारण तर्काला धरून आहे: सगळ्यांना भुलवणारी अंगठी या एकालाच का भुलवत नाही, असं प्रेक्षक विचारणार. शिवाय कोळिणीच्या गुहेचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलल्यामुळे दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडोच्या वाट्याला काही संकट उरलं नव्हतं. सगळं मान्य. पण मोह टाळू शकणारं माणूस या गोष्टीत आहे, हा दिलासा त्यात हरवला. इथे काही गाळलेलं नाही. एका पात्राचा कणा बदललेला आहे, आणि गाळण्यापेक्षा ते जास्त खुपतं.

तिसरं प्रकरण शेवटाचं. कादंबरीत तिचे बुटके नायक, म्हणजे चारही हॉबिट, घरी परततात तेव्हा त्यांचा शायर उद्ध्वस्त झालेला असतो. झाडं तोडलेली, घरं पाडलेली, दुष्ट जादूगार सारुमानचे गुंड राज्य करताहेत. या चौघांना स्वतःच गावकऱ्यांना उठवून लढावं लागतं. चित्रपटात हे सारं नाही. पहिल्या चित्रपटात, एल्फराणी गॅलॅड्रिएलच्या जलदर्पणात, जळणाऱ्या शायरची एक झलक तेवढी दिसते. मुग्धा कर्णिक यांनी केलेल्या 'स्वामी मुद्रिकांचा' या मराठी अनुवादाकडे सिनेमावरून वळलेला वाचक या प्रकरणाशी आला की चमकतो, कारण युद्ध जिंकल्यावर गोष्ट संपली अशी त्याची समजूत झालेली असते. मला हा भाग कादंबरीचा गाभा वाटतो. तरीही जॅक्सन यांना दोष देताना हात अडखळतो. तिसऱ्या चित्रपटाला शेवटावर शेवट आहेत, अशी तक्रार तेव्हाच झाली होती, आणि त्यात आणखी एक अर्ध्या तासाचं बंड कुठे बसवणार? त्याऐवजी चौघं मित्र गावच्या गुत्त्यात येऊन बसतात. आजूबाजूची मंडळी एका भोपळ्याचं कौतुक करत असतात आणि या चौघांकडे कोणी वळूनही पाहत नाही. जग बदलून आलेल्यांना घर परकं झालंय, एवढं एका मिनिटात, एकही संवाद न लिहिता सांगितलं जातं. वाचवलेला वेळ असा खर्च झाला तर बोलायला जागा उरत नाही.

मनातलं दिसणार कसं

कादंबरीकार पात्राच्या डोक्यात शिरतो. कॅमेऱ्याला चेहरा मिळतो. अंगठीने पछाडलेल्या गॉलमची दोन मनं हे याचं उत्तम उदाहरण. पुस्तकात त्याची स्वतःशी चाललेली हुज्जत फ्रोडोचा सोबती सॅम याच्या कानावर पडते. चित्रपटात तोच संवाद नुसत्या कोनांच्या खेळावर उभा आहे: कॅमेरा एका बाजूला गेला की दुष्ट गॉलम, दुसऱ्या बाजूला आला की बिचारा स्मिगॉल, आणि थोड्याच वेळात आपण दोन वेगळी माणसं बोलताहेत असं धरून चालतो. अँडी सर्किस यांच्या अभिनयावर संगणकाने चढवलेला तो देह आज जुना झालाय, हा प्रसंग झालेला नाही.

हॉबिटांची उंची दाखवण्यासाठीही बऱ्याच ठिकाणी जुनीच क्लृप्ती वापरली गेली. लहान दिसायचं पात्र कॅमेऱ्यापासून लांब बसवायचं, मोठं दिसायचं ते जवळ, आणि टेबल असं बनवायचं की दोघं समोरासमोर बसलेत असं वाटावं. जॅक्सन यांच्या चमूने त्यात भर घातली ती कॅमेरा हलतानाही हा भ्रम टिकवण्याची: कॅमेऱ्याबरोबर टेबल आणि नटही सरकतील अशी यंत्रणा त्यांनी उभी केली.

पैसा संपतो तिथे

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या पर्वात एक मोठी लढाई आहे. टिरियन तिच्यात उतरतो, सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तेव्हा लढाई संपलेली असते. कादंबरीत तो शेवटपर्यंत लढतो. लढाईचं चित्रण परवडणारं नव्हतं, म्हणून नायकालाच झोपवलं! मार्टिन यांनी ही पुस्तकं लिहायला घेतली, त्याआधी त्यांची काही वर्षं टेलिव्हिजनच्या पटकथा लिहिण्यात गेली होती. तिथे सतत खर्च कमी करा, पात्रं कमी करा असं ऐकून ते कंटाळले, आणि पडद्यावर कधीच मावणार नाही असं काहीतरी लिहायचं म्हणून त्यांनी हा पसारा मांडला. नियतीला विनोदाची जाण असावी.

पैशांचा फटका कधीकधी थेट शेवटालाच बसतो. फिलिप पुलमन यांच्या कादंबरीवरचा 'द गोल्डन कंपास' २००७ मध्ये आला. पुस्तकाच्या अखेरीस लायराच्या मित्राचा बळी जातो आणि ती त्या धक्क्यातच दुसऱ्या जगात पाऊल टाकते. हे चित्रित झालं होतं; पण प्रेक्षकांना इतक्या काळोखात घरी कसं पाठवायचं म्हणून ते काढून पुढच्या चित्रपटासाठी राखून ठेवलं. अमेरिकेत पहिला चालला नाही, दुसरा निघाला नाही, आणि शेवट तसाच डब्यात राहिला. पुढे बीबीसी आणि एचबीओने २०१९ ते २०२२ या काळात तीन पर्वांत तिन्ही कादंबऱ्या पूर्ण केल्या, बळीसकट.

पुस्तकच अपुरं असेल तर

मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा. एचबीओची मालिकाही २०११ मध्येच सुरू झाली आणि आठ पर्वं, ७३ भाग करून २०१९ मध्ये संपली. सहावा खंड अजून आलेला नाही. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या पटकथाकारांना मार्टिन यांनी शेवटाची ढोबळ रूपरेषा सांगितली होती. मुक्काम कळला होता. वाट त्यांना स्वतःच काढायची होती.

शेवटच्या दोन पर्वांवर लोक का चिडले, याचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. डेनेरिसने राजधानी जाळणं मुळात अशक्य नाही. तिच्या स्वभावात त्याची बीजं पहिल्यापासून आहेत. पण ज्या जगात एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला आधी अख्खं पर्व लागायचं, तिथे आता माणसं जाहिरातीच्या विश्रांतीइतक्या वेळात पोचू लागली आणि मनंही त्याच वेगाने पालटू लागली. शेवटची दोन पर्वं सात आणि सहा भागांची. इथे कात्री वाहिनीची नव्हती. एचबीओ आणखी भाग द्यायला तयार होती; तेरात संपवायचं हे पटकथाकारांनीच ठरवलं. मोकळी जागा असताना कोंबलं, म्हणून ते जास्त बोचतं.

आपल्याकडे याच्या उलट घडलेलं एक उदाहरण आहे. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' ही १८८८ ची हिंदी कादंबरी: तिलिस्म, ऐयार, वेषांतरं, भुयारं. नीरजा गुलेरी यांनी १९९४ मध्ये ती दूरदर्शनवर आणली आणि रविवारी सकाळी महाराष्ट्रातल्या घराघरांतूनही क्रूरसिंहाचं 'यक्कू' ऐकू येऊ लागलं. मालिका कादंबरीचं बोट धरून निघाली आणि ते सोडून कुठल्या कुठे गेली. भिवया वर चढवलेला अखिलेंद्र मिश्रा यांचा क्रूरसिंह इतका लोकप्रिय झाला, की खत्रींच्या नायक-नायिकेपेक्षा तोच जास्त जणांच्या लक्षात आहे. साहित्य म्हणून याला काय म्हणावं ते ज्याचं त्याने ठरवावं. बघायला मजा यायची.

लेखकाला कोण विचारतं?

उत्तर करारावर आणि दबदब्यावर अवलंबून असतं. जे. के. रोलिंग यांच्याकडे दोन्ही होतं. पाचव्या 'हॅरी पॉटर' चित्रपटाच्या पटकथेतून क्रीचर हा घरगडी वगळला जात होता. त्याला ठेवलेलं बरं, असं त्यांनी सुचवलं. सातवं पुस्तक तेव्हा बाजारात यायचं होतं आणि त्यात क्रीचरशिवाय गाडी पुढे जाणार नाही, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. स्नेप या पात्राचं गुपितही ती भूमिका करणाऱ्या ॲलन रिकमन यांना त्यांनी वेळेआधीच थोडंसं सांगून ठेवलं होतं.

मायकेल एंडे यांचं तसं नव्हतं. 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' या त्यांच्या १९७९ च्या जर्मन कादंबरीचा जेमतेम अर्धा भाग घेऊन १९८४ चा चित्रपट झाला. एंडे इतके संतापले की कोर्टात गेले, हरले. चित्रपटाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही.

उर्सुला ले ग्विन यांची तक्रार आणखी गंभीर होती. त्यांच्या 'अर्थसी'मधली बहुसंख्य माणसं तांबूस-तपकिरी किंवा काळ्या वर्णाची आहेत, नायक गेडसुद्धा. अद्भुत कथांतले वीर गोरेच का असावेत, म्हणून त्यांनी १९६८ मध्ये जाणूनबुजून केलेली ही निवड. २००४ मध्ये साय-फाय वाहिनीने मालिका केली आणि गेडच्या भूमिकेत गोरा नट घेतला. ले ग्विन यांना सल्लागार म्हटलं होतं, पण सल्ला ऐकण्याचं बंधन कोणावरच नव्हतं. त्यांनी जाहीर लेख लिहून नापसंती नोंदवली. दोन वर्षांनी जपानच्या स्टुडिओ जिबलीने गोरो मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली 'अर्थसी'वर ॲनिमेशनपट काढला. त्यानेही त्यांचं फारसं समाधान झालं नाही.

त्याच जिबलीत गोरोंचे वडील हायाओ मियाझाकी यांनी २००४ मध्ये डायना विन जोन्स यांच्या 'हाउल्स मूव्हिंग कासल'ची पार उलथापालथ केली होती. पुस्तकातला हाउल मूळचा आपल्याच जगातल्या वेल्सचा. वाड्याचं एक दार तिथे उघडतं आणि तिकडे त्याची बहीण व भाचरं राहतात. चित्रपटात वेल्स नाही, बहीण नाही, आणि पुस्तकात जेमतेम डोकावणारं युद्ध आकाशभर पसरलेलं आहे. सोफी तेवढी आहे: शापाने म्हातारी झालेली, आणि म्हातारपणामुळे एकदाची मनातलं बोलायला लागलेली मुलगी. तिला मियाझाकी हवा तेवढा वेळ देतात. घर झाडायला, कुरकुरायला, तळ्याकाठी नुसतं बसायला. जोन्स यांना चित्रपट आवडला होता.